तीनशें दिवसांची शिल्लक

उन्हाळ्याची सुटी लागली, म्हणजे आमच्या वाचकांच्या घरोघर एकच गडबड उडते. माहेरवाशिणी येतात, नातवंडें जमतात, माळ्यावरच्या गाद्या गच्चीवर जातात. आणि पन्ह्याचे पेले हातांत येतां येतां 'यंदां कोणाला किती दिवस मिळाले?' हा प्रश्न निघाल्यावांचून राहत नाहीं. एकाच घरांतील चार माणसें या प्रश्नाचीं चार उत्तरें देतात, हें आम्हीं पुष्कळदां ऐकलें होतें. त्या उत्तरांचा अर्थ मात्र नीट उमगला, तो गेल्या वर्षीं मृगाच्या तोंडावर एका परिचित घरीं सत्यनारायणाच्या प्रसादास गेलों तेव्हां. तो प्रसंग आज वाचकांपुढें मांडावा असें मनांत आहे.

हें कुटुंब जुन्या वळणाचें, एकत्र. मातुःश्रींनीं ऐंशी कधींच ओलांडली आहे. थोरले बंधू विद्यापीठांत प्राध्यापक. धाकटे त्याच विद्यापीठाच्या परीक्षा विभागांत कक्षाधिकारी. दोघांत अंतर दोन वर्षांचें. आपल्या राज्यांत विद्यापीठांतील प्राध्यापक साठाव्या वर्षीं निवृत्त होतो आणि कार्यालयांतील कर्मचारी अठ्ठावन्नाव्या. त्यामुळें हे दोघे बंधू एकाच मे महिन्याच्या अखेरच्या दिवशीं सेवेंतून मोकळे झाले. दोघांच्या नांवें एकच पूजा झाली, आणि जेवणें आटोपल्यावर मंडळी दिवाणखान्यांत पानसुपारीस बसली.

धाकट्या बंधूंनीं खिशांतून एक कागद काढून आमच्या हातीं दिला. त्यांच्या सेवेचा हिशेब त्यांत होता, आणि एका ओळींत लिहिलें होतें: अर्जित रजा शिल्लक, दिवस ३००. न घेतलेल्या या रजेबद्दल निवृत्तीच्या वेळीं तितक्या दिवसांचा पगार रोख मिळतो. नियमानें याहून अधिक दिवसांचे पैसे मिळत नाहींत; म्हणजे परीक्षेंत पैकींच्या पैकीं गुण पडावे, तसा हा आंकडा. धाकटे बंधू तो कांहींशा अभिमानानें दाखवीत होते, आणि मंडळीही कौतुकानें माना डोलवीत होती.

तेवढ्यांत त्यांच्या पत्नी विड्यांचें तबक घेऊन आल्या. त्यांनीं तो आंकडा ऐकला, आणि थोरल्या जावेकडे वळून त्या म्हणाल्या, "वहिनी, मुलगा आठवींत होता तेव्हां हर्णैला जायचें ठरलें होतें. एस्टीचीं तिकिटेंसुद्धां काढलीं होतीं. हे म्हणाले, निकाल लागूं दे, मग जाऊं. ते आठ दिवस या तीनशांतच असतील, नाहीं का?"

बोलण्यांत राग नव्हता. डब्यांतील साखर किती उरली असें विचारावें, तसा तो प्रश्न होता. कोणीं उत्तर दिलें नाहीं. कागद मात्र पुन्हां खिशांत गेला.

घरीं परतल्यावरही त्या प्रश्नानें आमची पाठ सोडली नाहीं. विचार करतां असें दिसून आलें कीं, यांत दोष त्या एका गृहस्थांचा नाहीं, आणि केवळ त्यांच्या विद्यापीठाचाही नाहीं.

विद्यापीठ म्हटलें कीं लोकांस लांबलचक सुट्या आठवतात. ती समजूत निम्मी खरी आहे; कारण एकाच आवारांत दोन पंचांगें चालतात. अध्यापकांस दीर्घ सुटी असते, म्हणून त्यांस अर्जित रजा थोडी. कार्यालयांतील मंडळीस दीर्घ सुटी नाहीं, म्हणून त्यांस वर्षाकांठीं ३० दिवसांची अर्जित रजा. जानेवारीच्या आरंभीं १५ आणि जुलैच्या आरंभीं १५ अशी ती खात्यावर जमा होते. हिशेब न्याय्य वाटतो. ३५ वर्षांच्या नोकरींत असे १,०५० दिवस हक्कानें मिळतात. पण खात्याची मर्यादा ३०० ची. दहा वर्षें रजा घेतली नाहीं, कीं भांडें काठोकाठ भरतें. त्यापुढें न घेतलेला प्रत्येक दिवस बाहेर सांडतो, आणि त्याचा ना आराम ना पैसा. आमच्या स्नेह्यांनीं मातुःश्रींच्या दुखण्यांत आणि मुलाच्या लग्नांत काय ती रजा घेतली. बाकीचे दिवस कोठें गेले, हें कोणत्याही कागदावर लिहिलेलें नाहीं.

मग हक्काची रजा घेववत कां नाहीं? याचें उत्तर परीक्षेच्या वेळापत्रकांत सांपडतें. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ यानें विद्यापीठांवर असें बंधन घातलें आहे कीं, परीक्षा संपल्यापासून शक्यतों ३० दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितींत ४५ दिवसांत निकाल जाहीर झाला पाहिजे. हें बंधन योग्यच आहे. निकाल रखडला कीं कोणाचा पुढील प्रवेश हुकतो, कोणाची नोकरी जाते. आणि तीं मुलें आपल्याच घरांतील असतात. परंतु ज्या दिवशीं शेवटची उत्तरपत्रिका गोळा होते, त्याच दिवशीं विद्यार्थ्यांची सुटी लागते, आणि त्याच दिवसापासून परीक्षा विभागाचे हे ४५ दिवस मोजले जाऊं लागतात. एकाच्या विश्रांतीचा आणि दुसऱ्याच्या धांदलीचा मुहूर्त एकच. पूर्वीं पदवीच्या बहुतेक परीक्षांची ही धांदल वर्षांतून एकदां येत असे. सत्र पद्धती रूढ झाल्यापासून ती दोनदां येते, एकदां उन्हाळ्यांत आणि एकदां दिवाळीच्या आसपास. म्हणजे मुलांच्या शाळेस ज्या दोन मोठ्या सुट्या असतात, नेमक्या त्याच दोन परीक्षा विभागांतील बापास वर्ज्य.

हें यंत्र अडलें म्हणजे काय होतें, तें सन २०१७ मध्यें सर्वांनीं पाहिलें. मुंबई विद्यापीठानें त्या वर्षीं उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची नवी रीत एकदम अंमलांत आणली, आणि निकाल रखडले. कुलपतींनीं ३१ जुलैची मुदत घातली. जुलैच्या अखेरीस, अध्यापकांस तपासणीस वेळ मिळावा म्हणून महाविद्यालयांतील तास कांहीं दिवस बंद ठेवण्यांत आले. तरी ती मुदत टळली ती टळलीच, आणि ऑक्टोबरांत कुलगुरूंस पदावरून दूर व्हावें लागलें. महाविद्यालय बंद, पण काम दुप्पट, असा हा बंदचा नवा प्रकार. बाहेरून पाहणारास सुटी दिसावी, आणि आंत मात्र कोणासही श्वास घेण्यास फुरसत नसावी.

थोरल्या बंधूंचें उत्तर याहून वेगळें, पण फारसें सुखाचें नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत अध्यापनाचे ३० आठवडे, म्हणजे १८० दिवस, सांगितले आहेत. उरलेल्या काळांत प्रवेश, परीक्षा आणि दीर्घ सुटी बसवावयाची. सुटींत कामावर बोलावलें, तर त्या काळाच्या एक तृतीयांश इतकी अर्जित रजा मिळते. तीन दिवस द्यावे, तेव्हां एक परत येतो. त्यांतही जें काम कोणी बोलावल्यावांचून घरीं येतें, त्याची मोजदाद नाहीं. सुटींत वाचावयाचा म्हणून बाजूस काढून ठेवलेला एक ग्रंथ थोरल्या बंधूंच्या मेजावर तीन उन्हाळे तसाच पडून होता, असें त्यांच्या पत्नी सांगत होत्या. त्यावर रोज धूळ पुसावयाचें काम मात्र त्यांच्याकडे. व्हॉट्सॲपवर विभागाचा गट आहे. तेथें रात्रीं दहास एक सूचना येते, आणि ती वाचली हें समोरच्यास कळतें. मग उत्तर न देणें उद्धटपणाचें होतें. फाटकास कुलूप लावतां येतें. खिशांतल्या फोनास तें कोण लावणार?

तिसरें उत्तर थोरल्यांच्या सुनेचें. ती सेट परीक्षा उत्तीर्ण झालेली, एका महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविते. घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. दीर्घ सुटींत तास नाहींत, म्हणून पैसेही नाहींत. सासऱ्यांस सुटी जड जाते ती कामामुळें. हिला जड जाते ती काम नसल्यामुळें. "मामंजी, आमची सुटी सर्वांत मोठी असते," असें ती हंसून म्हणाली, आणि मुलाची दप्तरे आवरण्यास आंत निघून गेली. एकाच विद्येच्या मंदिरांतील हीं तीन माणसें, एकाच छताखालीं जेवणारीं. आणि तिघांचे मोकळे दिवस एकमेकांस कधीं भेटत नाहींत.

चौथें उत्तर मातुःश्रींनीं दिलें. आम्हीं त्यांस सहज विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "सुटी तुम्हां पुरुषांना लागते. ती लागली कीं आमचें एक पातेलें वाढतें."

आमच्या जुन्या अध्ययनपरंपरेंत सुटीचा विचार झाला नव्हता असें नाहीं. श्रावणी बहुतेक वाचकांच्या घरीं होते. ही श्रावणी म्हणजे उपाकर्म, अध्ययनवर्षाचा आरंभ. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायाप्रमाणें श्रावण किंवा भाद्रपद महिन्यांत उपाकर्म करून साडेचार महिने वेदाध्ययन करावें, आणि पौषांत किंवा माघाच्या आरंभीं गांवाबाहेर जाऊन उत्सर्जन करावें, म्हणजे तें सत्र विधिपूर्वक सोडावें. मधल्या काळांतही अनध्याय पुष्कळ. वीज कडाडली, धुळीचें वादळ उठलें, कोल्हे ओरडूं लागले, गांवांत प्रेत असलें, कीं पठण बंद. घरीं अतिथि आला असतां त्याच्या अनुमतीवांचून पठण करूं नये. याज्ञवल्क्यांनीं असे तात्कालिक अनध्याय सदतीस मोजले आहेत. आणि तिथींच्या अनध्यायाचें कारण मनुस्मृतींत जें दिलें आहे, तें विचार करण्यासारखें आहे. अमावास्येचें अध्ययन गुरूचा घात करतें, चतुर्दशीचें शिष्याचा, आणि अष्टमी व पौर्णिमेचें प्रत्यक्ष विद्येचा. तिथींवर आज कोणाची श्रद्धा असो वा नसो. न थांबतां चाललेल्या कामानें शिकविणारा, शिकणारा आणि स्वतः विद्या या तिघांचीही हानि होते, हा अनुभव आजच्या विद्यापीठासही लागू आहे.

या नियमांचा आणखी एक विशेष असा कीं, अनध्याय गुरूलाही होता आणि शिष्यालाही. एकानें थांबावें आणि दुसऱ्यानें गुपचूप पुढें जावें, अशी सोय त्यांत नव्हती. त्या अध्ययनाचा अधिकार समाजांतील फार मोठ्या भागास नाकारला होता, हा त्या व्यवस्थेचा दोष आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. पण जे आंत होते ते सर्व मिळून थांबत, एवढा धडा त्यांतून घेण्यास हरकत नसावी. आणि आज काय झालें आहे? उत्सर्जन आणि उपाकर्म हीं दोन्ही आपण श्रावणांतल्या एकाच सकाळीं उरकतों. जुनें सत्र सोडावयाचें आणि नवें धरावयाचें, मध्यें चहापुरताही अवकाश नाहीं. शास्त्रानें ठेवलेली मधली सुटी आपण विधींतूनच काढून टाकली. मग ती कचेरींत कशी उरावी?

सर्वांनीं मिळून थांबण्याचा दुसरा धडा विद्वानांच्या घरांतून आलेला नाहीं. तो मुंबईच्या गिरणगांवांतून आला. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि सहा वर्षें खटपट करून १८९० च्या जूनांत आठवड्याची रविवारची सुटी मिळविली. त्या काळीं कामगारास अधूनमधून घरीं राहतां येत नव्हतें असें नाहीं. पण गिरणी चालू आणि तो एकटा घरीं, म्हणजे पगार बुडाला आणि जागाही धोक्यांत. लोखंड्यांनीं मागितलें तें हें कीं, गिरणीच बंद राहावी. भोंगाच वाजला नाहीं, म्हणजे न गेल्याचा दोष कोणावर येत नाहीं. पुढें महाराष्ट्र शासनानें २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कचेऱ्यांस पांच दिवसांचा आठवडा दिला, तोही याच रीतीनें, सर्व कचेरी एकदम बंद ठेवून. मात्र शैक्षणिक संस्था त्यांतून वगळल्या.

आम्हांस या सर्वांतून जें सांगावयाचें आहे तें एवढेंच. रजा ही एकट्याची असते; सुटी सर्वांची असते. एकट्यानें रजा घेतली, तर त्याचें मेज भरत जातें, सहकाऱ्यांच्या कपाळास आंठ्या पडतात, आणि परत येण्याच्या आदल्या रात्रीं झोप येत नाहीं. म्हणून सज्जन मनुष्य ती घेतच नाहीं, आणि तीनशें दिवसांचा कागद खिशांत घेऊन घरीं येतो. यावर उपाय नियमांत आणखी दहा दिवस वाढविणें हा नव्हे. निकालाची मुदत संपली, कीं वर्षांतून दोनदां आठ आठ दिवस विद्यापीठाचे सर्व विभाग एकदम बंद राहावे. ते दिवस वर्षारंभींच वेळापत्रकांत छापले जावे, म्हणजे विद्यार्थ्यांचीही अडचण होणार नाहीं. प्रत्येक मेजाचें काम निदान दोघांस यावें, आणि रिकाम्या जागा वेळेवर भराव्या. तासिकेवरील शिक्षकांस त्या दिवसांचा मोबदला मिळावा. नाहींतर त्यांच्यापुरती ती सुटी नसून उपासच ठरेल.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क कर्मचाऱ्यास असावा, असें खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनीं २०१८ सालीं लोकसभेंत मांडलें, आणि २०२५ च्या डिसेंबरांत तें पुन्हां मांडलें. फ्रान्समध्यें अशा हक्काचा कायदा २०१७ च्या आरंभापासून आहे. आपल्याकडे खासगी विधेयकाचा कायदा होणें फार दुर्मिळ. म्हणून तोंवर घरोघर अनध्याय पाळण्यास काय हरकत आहे? आठवड्यांतून एक संध्याकाळ अशी ठरवावी कीं, घरांतील सर्वांचे फोन देवघराशेजारच्या कोनाड्यांत जातील. आणि त्या संध्याकाळीं चूलही लवकर थंड व्हावी. दहींपोहे सर्वांस चालतात. स्वयंपाकघर उघडें ठेवून पाळलेला अनध्याय म्हणजे घरांतील अर्ध्या माणसांचा अध्यायच.

येथें कोणी म्हणेल, "हें बोलणें सोपें; पण आमच्यावांचून कामच अडतें." त्यांच्यासाठीं त्या दिवशींची शेवटची हकीकत सांगतों. निरोप घेतांना धाकटे बंधू आम्हांस फाटकापर्यंत पोंचविण्यास आले, आणि आपण होऊन म्हणाले, "निवृत्तीनंतर पहिल्या दिवशीं कचेरींतून तीन फोन आले. कोणती फाईल कोठें, कपाटाची दुसरी किल्ली कोणाकडे, असे. दुसऱ्या दिवशीं एक आला. तिसऱ्या दिवशीं एकही नाहीं. दिवसभर फोन जवळ घेऊन बसलों होतों." थोडें थांबून ते पुढें म्हणाले, "म्हणजे आठ दिवस चाललें असतें हो."

त्यानंतर पावसाळा सरल्यावर तीं दोघें पतिपत्नी हर्णैला जाऊन आलीं. आतां बेंगळुरास नोकरीस असलेल्या मुलासही बोलाविलें होतें. त्यानें कळविलें कीं, काम हातावेगळें झालें म्हणजे पाहूं. यंदां रजा पुढें ढकलावी लागेल. परत आल्यावर त्याच्या आईनें हें आम्हांस सांगितलें, आणि म्हणाल्या, "मीं यांनाच सांगितलें, तुम्ही बोला त्याच्याशीं. तुम्हांला त्यांतलें कळतें."

ते बोलले. काय बोलले तें आम्हीं विचारलें नाहीं. पण मुलानें मार्गशीर्षांत चार दिवसांची रजा घेतली, एवढें आम्हांस ठाऊक आहे. आमच्या वाचकांपैकीं जे सेवेंत आहेत, त्यांनीं या महिन्यांत आपलें रजेचें खातें एकदां उघडून पाहावें, आणि तेथें जो आंकडा असेल तो घरांत मोठ्यानें वाचून दाखवावा. तो ऐकून घरचीं माणसें काय म्हणतात, तेंही ऐकून घ्यावें.